छोटा ट्रॅक्टर, पुढचा लोडर आणि मागचे वजन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत आणि सोलापूरकडच्या डाळिंबाच्या बागांत २० ते ३० अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर आता नेहमीचे झाले आहेत. त्यातल्या अनेकांना शेणखत भरण्यासाठी, मुरूम पसरण्यासाठी किंवा गोठ्यातली घाण काढण्यासाठी पुढे लोडर, म्हणजे हायड्रोलिकने वर-खाली होणारे दोन हात आणि त्यांच्या टोकाची बकेट, बसवला जातो. लोडर घेताना बकेटचा आकार, उचलण्याची उंची आणि किंमत यांची चौकशी होते, पण मागे किती वजन लागेल हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. लोडरचा ट्रॅक्टर सुरक्षित आहे की नाही हे मात्र मुख्यतः त्याच प्रश्नावर ठरते, आणि म्हणून हे प्रश्न थोडे सविस्तर घेतले आहेत.

लोडर बसवल्यावर मागे वजन लावणे खरोखरच आवश्यक आहे का?

होय. मागचे वजन हा लोडरचाच एक भाग समजावा; सवडीने घेण्याची ती वस्तू नव्हे. लोडरसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेत मागे किमान किती वजन असावे ते बहुतेक वेळा लिहिलेले असते, आणि बकेटने किती किलो उचलता येते तो आकडा मागे तेवढे वजन आहे असे धरूनच दिलेला असतो. मागे काही नसेल तर तो आकडा आपल्या ट्रॅक्टरला लागू होत नाही. हायड्रोलिक तेवढा भार उचलेलही, परंतु ट्रॅक्टर तो पेलून उभा राहील याची खात्री त्यातून मिळत नाही.

मागची चाके हलकी होतात म्हणजे नेमके काय होते?

पहारीने दगड उचकटताना टेकू जे काम करतो, तेच काम येथे पुढचा अॅक्सल करतो. बकेट त्याच्या पुढे असते आणि ट्रॅक्टरचा बहुतेक भाग त्याच्या मागे. बकेटमधला भार जितका जड आणि पुढच्या अॅक्सलपासून जितका लांब, तितके मागच्या चाकांवरचे वजन कमी होते, आणि जे मागून कमी होते ते भाराच्या वजनासह पुढच्या अॅक्सलवर येऊन पडते.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत, पण छोट्या फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या मानाने ते अवास्तव नाहीत. ट्रॅक्टरचे वजन ८०० किलो असून त्यातले ३२० पुढे आणि ४८० मागे आहे. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलमधले अंतर १.५ मीटर आहे. लोडरचे स्वतःचे वजन ३०० किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या अॅक्सलच्या अर्धा मीटर पुढे आहे. बकेटमध्ये २५० किलो मुरूम असून तो पुढच्या अॅक्सलपासून १.२ मीटर पुढे आहे.

लोडर बसवताच मागच्या चाकांवरून १०० किलो उतरतात, कारण ३०० ला ०.५ ने गुणून १.५ ने भागले की १०० येतात. मुरूम भरल्यावर त्याच हिशेबाने आणखी २०० किलो उतरतात. मागे उरतात फक्त १८० किलो. पुढच्या अॅक्सलवर मात्र मूळच्या ३२० ऐवजी ११७० किलो येतात. एकूण १३५० किलोंपैकी जेमतेम १३ टक्के वजन मागच्या चाकांवर राहिलेला हा ट्रॅक्टर सपाट आणि कोरड्या अंगणात चालतोही, त्यामुळे चालकाला काही बिघडले आहे असे वाटत नाही. धोका उघड होतो तो पहिल्या खड्ड्यात, पहिल्या उतारावर किंवा पहिल्यांदा जोरात ब्रेक दाबल्यावर.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बकेट वर जाताना सरळ वर जात नाही. लोडरचे हात साधारण आडवे असतात त्या उंचीला भार पुढच्या अॅक्सलपासून सर्वांत लांब गेलेला असतो. १.२ मीटरचे अंतर तेथे १.६ मीटर झाले, तर त्याच मुरुमामुळे मागून २०० ऐवजी सुमारे २६७ किलो उतरतात. जमिनीलगत ठीक वाटलेला ट्रॅक्टर ट्रॉलीत माल टाकायला हात वर नेताना अचानक मागून उचलला जातो, त्याचे कारण हेच आहे.

मग माझ्या ट्रॅक्टरला नेमके किती वजन लागेल?

पहिला आधार माहितीपुस्तिकेचा. ती हरवली असेल किंवा लोडर गावच्या वर्कशॉपमध्ये बनवलेला असेल, तर हिशेब स्वतः करावा लागतो, आणि तो अवघड नाही.

वरच्या उदाहरणात मागच्या चाकांवरून एकूण ३०० किलो उतरले. आता थ्री पॉइंट लिंकेजवर (अवजार जोडायचे मागचे तीन हात: खालचे दोन लोअर लिंक आणि वरचा एक टॉप लिंक), मागच्या अॅक्सलच्या ०.८ मीटर मागे एक वजन टांगले असे समजा. हे वजन पुढच्या अॅक्सलपासून २.३ मीटरवर आहे, म्हणून त्यातला प्रत्येक किलो मागच्या चाकांवर सुमारे १.५३ किलोचा परिणाम करतो. ३०० ला १.५३ ने भागले की साधारण १९६ येतात, म्हणजे सोयीसाठी २०० किलो. हे २०० किलो टांगल्यावर मागच्या चाकांवर १८० ऐवजी सुमारे ४८७ किलो येतात, आणि त्याच वेळी पुढच्या अॅक्सलवरचे सुमारे १०७ किलो कमी होतात.

आपल्या ट्रॅक्टरचे आकडे मिळवण्यासाठी जवळच्या वजनकाट्यावर जावे. ट्रॅक्टर लोडरसह पूर्ण काट्यावर घेऊन एक वजन घ्यावे, मग फक्त मागची चाके काट्यावर आणि पुढची चाके बाहेर त्याच पातळीवर ठेवून दुसरे घ्यावे. मोठे काटे ५ किंवा १० किलोच्या टप्प्यात वजन दाखवतात, पण या कामाला तेवढी अचूकता पुरते. नेहमीचा माल बकेटमध्ये भरून, बकेट जमिनीलगत ठेवून, हीच दोन वजने पुन्हा घेतली की मागून किती उतरते ते कागदावर येते. भरलेल्या बकेटने काट्यापर्यंत रस्त्याने जाऊ नये. माल काट्याच्या आवारातच भरावा, किंवा पोत्यांनी बकेट भरावी. ही खटपट एकदाच करायची असते आणि काट्याचे शुल्क लोडरच्या किमतीपुढे नगण्य आहे.

मालाचे वजन अंदाजाने धरताना फसगत होते. एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलो, तर ओल्या मुरुमाचे साधारण १६०० ते १८०० किलो असते. भुसभुशीत, कुजलेले शेणखत मुरुमाच्या निम्म्याच्या आसपास भरते. ०.१५ घनमीटरच्या बकेटमध्ये मुरूम अडीचशे किलोच्या घरात जातो. वर्षभर शेणखत भरणाऱ्याला मागे वजन नसल्याची अडचण जाणवत नाही आणि पहिल्यांदा ओला मुरूम भरला की ट्रॅक्टर मागून उठतो. हिशेब नेहमी सर्वांत जड मालाचा करावा.

मागच्या टायरमध्ये पाणी भरलेले आहे. तेवढे पुरेसे नाही का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. टायरमधले पाणी उपयोगाचे आहे, पण लोडरसाठी ते एकटे पुरेसे नाही.

टायरमधले पाणी मागच्या अॅक्सलच्या रेषेतच असते. १०० लिटर पाणी भरले तर मागच्या चाकांवर नेमके १०० किलो वाढतात, आणि पुढच्या अॅक्सलवरचा एक किलोही कमी होत नाही. वरच्या उदाहरणात २०० किलो पाणी भरले, तर मागे ३८० किलो होतात, पण पुढे ११७० किलो तसेच राहतात. पुढच्या अॅक्सलचा भार हलका करायचा असेल तर वजन मागच्या अॅक्सलच्या मागे, म्हणजे लिंकेजवरच टांगावे लागते. छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या अॅक्सलमधले बेअरिंग, ऑइल सील, किंग पिन आणि मधली सेंटर पिन लोडरमुळे लवकर झिजतात, आणि टायरमध्ये पाणी भरून ती झीज थांबत नाही. चाकांना बोल्टने लावायच्या बिडाच्या वजनांनाही हेच लागू होते.

पाण्याचा खरा फायदा दुसरा आहे. ते वजन खाली असते, जोडण्या-काढण्याची कटकट नसते आणि आडव्या उतारावर ट्रॅक्टर अधिक स्थिर राहतो. म्हणून माझे मत असे की ज्याचा लोडर वर्षभर जोडलेला असतो त्याने टायरमध्ये पाणीही भरावे आणि लिंकेजवर वजनही टांगावे. एकच करणे शक्य असेल, तर लिंकेजवरचे वजन आधी करावे.

टायरमध्ये पाणी कसे आणि किती भरावे?

चाक जॅकवर घेऊन व्हॉल्व्ह बरोबर वरच्या टोकाला आणावा आणि पाणी व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत भरावे. ही पातळी साधारण ७५ टक्के असते. उरलेल्या जागेत हवा हवीच, कारण टायरला लवचीकपणा तीच देते. भरताना आतली हवा बाहेर पडायला वाट लागते. त्यासाठीचा खास अडॅप्टर टायरवाल्यांकडे असतो. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराईड मिसळतात. त्याने वजनही वाढते, पण रिमला गंज चढतो. महाराष्ट्रात त्याची गरज नाही, साधे स्वच्छ पाणी चालते. बोअरचे पाणी खारट असेल तर मात्र ते टाळावे.

पाणी भरल्यावर आत हवेला जागा कमी राहते, त्यामुळे हवेचा दाब लवकर बदलतो आणि तो अधिक वेळा पाहावा लागतो. दाब पाहताना व्हॉल्व्ह वरच असावा, म्हणजे गेजमध्ये पाणी जात नाही. पंक्चर झाल्यावर हे चाक एका माणसाने हाताळण्यासारखे राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मागे रोटाव्हेटर जोडला तर चालेल का?

वजनाच्या दृष्टीने चालतो, आणि अनेकजण तेच करतात. नामपट्टीवर वजन पाहावे, ते हिशेबात बसते का ते तपासावे आणि पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, काढून ठेवावा. तथापि रोटाव्हेटर रुंद असतो, त्याची पाती उघडी असतात, आणि लोडरचे काम म्हणजे सतत पुढे-मागे जाणे आणि वळणे. गोठ्याच्या भिंती, गव्हाणी, बागेचे अँगल आणि तारा यांच्यामध्ये चालकाची नजर पुढे बकेटवर असते आणि मागचे अवजार वळताना बाहेर झुकते. गोठ्यात जनावरे किंवा मुले वावरत असतील तर पात्यांचे अवजार मागे असू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

फवारणीची लिंकेजवर बसणारी टाकी पाण्याने भरून वापरणे हाही एक पर्याय आहे. २०० लिटरची टाकी पूर्ण भरली तर २०० किलो पाणी आणि त्यावर सांगाड्याचे वजन मिळते. पण टाकी पूर्ण भरलेली असावी. अर्धवट टाकीतले पाणी ब्रेक लावताना आणि वळताना आत उसळते, आणि नेमके हवे तेव्हाच वजन भलत्या बाजूला जाते.

काँक्रीटचा ठोकळा गावातच बनवता येतो का?

येतो, आणि छोट्या ट्रॅक्टरसाठी हा पर्याय मला सर्वांत चांगला वाटतो. तो आटोपशीर राहतो, त्याला धारदार काही नसते आणि खर्चही कमी येतो. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो भरते. २०० लिटरचा लोखंडी बॅरल अर्धा कापला तर १०० लिटर, म्हणजे सुमारे २४० किलोचा ठोकळा होतो. २०० किलो हवे असतील तर तो थोडा कमी भरावा. एकास दीड आणि तीन या प्रमाणात सिमेंट, वाळू आणि खडी घेतली, तर १०० लिटरसाठी सिमेंटची ५० किलोची एक गोणी पुरते. बॅरल कोणत्या रसायनाचा होता याची चौकशी करावी, आणि तेल, थिनर किंवा कीटकनाशकाचा बॅरल गॅसकटरने कधीही कापू नये; आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

लोखंडकाम करणाऱ्याला मापे नेमकी द्यावीत. छोट्या ट्रॅक्टरांवर नेहमी असणाऱ्या कॅट-१ मापाच्या लिंकेजमध्ये खालच्या दोन पिना २२ मिलिमीटरच्या आणि वरची टॉप लिंकची पिन १९ मिलिमीटरची असते. खालच्या दोन पिनांच्या खांद्यांतले अंतर ६८३ मिलिमीटर आणि खालच्या पिनांपासून वरच्या पिनेची उंची ४६० मिलिमीटर असते. काही अगदी छोट्या ट्रॅक्टरांवर याहून अरुंद लिंकेज येते, म्हणून ऐकीव मापावर न जाता स्वतःच्या ट्रॅक्टरवर टेप लावावा किंवा आपले एखादे अवजार वर्कशॉपमध्ये नेऊन दाखवावे.

खालच्या पिनांसाठी बॅरलच्या आरपार एकच अखंड जाड दांडा घ्यावा आणि त्याची टोके २२ मिलिमीटरची करून घ्यावीत. बाहेर दोन सुट्या पिना वेल्ड करून काम भागवू नये, कारण खाचखळग्यांत सगळा झटका त्याच वेल्डवर येतो. दांड्याला आतून सळया वेल्ड करून जाळी बांधावी आणि टॉप लिंकच्या दोन पट्ट्या त्याच जाळीला तळापर्यंत जोडाव्यात, म्हणजे काँक्रीटला तडा गेला तरी वजन सुटून पडणार नाही. दांडा ठोकळ्याच्या खालच्या भागात असावा. तळ सपाट असावा आणि खाली लोखंडी पाय असे द्यावेत, की ठोकळा जमिनीवर उभा असताना पिना लोअर लिंकच्या सोयीच्या उंचीला येतील; जोडणे त्रासाचे असेल तर माणूस वजनाशिवायच काम उरकतो. ओतताना पीव्हीसी पाइपचा एखादा तुकडा उभा पुरून ठेवला, तर पहार आणि फावडे ठेवायला जागा होते.

काँक्रीटवर किमान आठवडाभर ओले गोणपाट ठेवून पाणी मारावे आणि शक्यतो २८ दिवस होईपर्यंत ठोकळा उचलू नये. तयार झाल्यावर त्याचे वजन करून, तो आकडा रंगाने त्याच्यावर लिहावा.

लिंकेज तेवढे वजन उचलेल ना?

ट्रॅक्टरच्या माहितीत उचलण्याची क्षमता दिलेली असते. ती लोअर लिंकच्या टोकाला मोजलेली आहे की त्याच्या मागे ६१० मिलिमीटरवर, हे पाहावे; पहिला आकडा नेहमी मोठा असतो, आणि ठोकळ्याचा गुरुत्वमध्य टोकाच्या मागे असतो. लिंकेजच्या क्षमतेसोबत मागच्या अॅक्सलची आणि टायरची भारमर्यादाही पाहावी.

काम करताना मागचे वजन किती उंच ठेवावे?

जमिनीपासून साधारण एक वीत ते फूटभर. त्याहून उंच केल्याने काही मिळत नाही आणि ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य विनाकारण वर जातो. हायड्रोलिकचा लीव्हर पोझिशन कंट्रोलवर (ठरवलेली उंची कायम ठेवणारा) असावा, ड्राफ्ट कंट्रोलवर (ओढीप्रमाणे उंची बदलणारा) नव्हे. लोअर लिंक बाजूला हलू न देणाऱ्या दोन्ही बाजूंच्या साखळ्या, म्हणजे चेकचेन, ताणून घ्याव्यात, कारण दोनशे किलो बाजूला हेलकावू लागले तर वळणावर ट्रॅक्टरलाच ढकलतात. पिना निसटू नयेत म्हणून त्यांना कडीची लिंच पिन लावलेली असावी; तेथे खिळा किंवा तार चालत नाही.

मागची चाके हलकी झाल्याने ब्रेकवर परिणाम होतो का?

फार मोठा होतो, आणि या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. मागच्या चाकांवर वजनच नसेल तर ब्रेक कितीही चांगले असोत, चाके जागच्या जागी थांबून घसरतात आणि ट्रॅक्टर पुढे जातच राहतो. भरलेली बकेट घेऊन उतार उतरताना हे होते, कारण उतारामुळे वजन आणखी पुढे सरकलेले असते. ब्रेक दाबल्यावर ते अजून पुढे जाते, मागची चाके अधिकच हलकी होतात, आणि घाबरलेला चालक बकेट वर घेतो किंवा स्टिअरिंग वळवतो. यातला कोणताही उपाय त्या क्षणी वाचवत नाही. बकेट खाली टेकवणे हाच एक मार्ग उरतो.

फोर व्हील ड्राइव्ह गुंतवलेले असेल तर मागचा ब्रेक ट्रान्समिशनमधून पुढच्या चाकांनाही लागतो, म्हणून लोडरचे काम करताना, विशेषतः उतारावर, ते गुंतवलेलेच असावे. डाव्या-उजव्या ब्रेकची पेडले एकमेकांना जोडून ठेवावीत. भरलेल्या बकेटचे तोंड नेहमी चढाच्या बाजूला असावे: चढताना सरळ पुढे जावे आणि उतरताना सर्वांत हळू रिव्हर्स गिअरमध्ये, बकेट जमिनीलगत ठेवून, मागे यावे. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये कधीही उतरू नये.

मागच्या वजनामुळे ट्रॅक्टर बाजूला उलटण्याचा धोका कमी होतो का?

कमी होतो, संपत नाही. पुढचा अॅक्सल मधल्या सेंटर पिनवर झुलतो, म्हणून आडव्या तोलाच्या दृष्टीने ट्रॅक्टर चार ठिकाणी टेकलेला नसून तीन ठिकाणी टेकलेला असतो: दोन मागची चाके आणि पुढची ती पिन. या त्रिकोणाचे टोक पुढे आणि रुंद बाजू मागे असते. बकेट भरली की गुरुत्वमध्य पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे जातो आणि एका चाकाखाली दगड किंवा बांध आला तरी ट्रॅक्टर कलंडतो. मागचे वजन गुरुत्वमध्याला रुंद बाजूकडे ओढते.

द्राक्षबागेत ओळींमधले अंतर अनेकदा ९ फूट असते, आणि त्यात फिरण्यासाठी चाकांची रुंदी कमीत कमी ठेवलेली असते. हाच ट्रॅक्टर लोडरसह बांधावर किंवा आडव्या उतारावर नेला की अरुंद चाके आणि उंच बकेट असा दुहेरी धोका तयार होतो. बागेचे काम नसलेल्या दिवसांत चाके उलटी लावून रुंदी वाढवता येत असेल तर वाढवावी. ट्रॅक्टरला संरक्षक चौकट असेल तर ती उभी ठेवून सीटबेल्ट लावावा. बकेट वर असताना वळणे आणि वेगाने वळणे ही दोन्ही टाळावीत, मागे कितीही वजन असले तरी.

वजनाऐवजी एक-दोन माणसे मागे उभी केली तर काय बिघडते?

हे करू नये, कधीच. लिंकेजवर किंवा ड्रॉबारवर मजूर उभे करून ट्रॅक्टर मागून दाबण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. बकेट अचानक रिकामी झाली किंवा ढिगातून सुटली की मागचा भाग आदळतो, माणूस खाली पडतो, आणि लोडरचे काम करताना ट्रॅक्टर पुढच्याच क्षणी रिव्हर्समध्ये असतो. दोन माणसांचे वजन सव्वाशे-दीडशे किलो. तेवढ्या वजनाचा ठोकळा एका गोणी सिमेंटमध्ये होतो. दुसऱ्याच्या जिवावर ट्रॅक्टरचा तोल सांभाळण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही.

पुढच्या बंपरवरची वजने तशीच ठेवावीत का?

नाही. ती नांगरट आणि ट्रॉली ओढताना पुढचा भाग उचलू नये यासाठी असतात. लोडर बसवला की ती काढून टाकावीत, नाहीतर आधीच दबलेल्या पुढच्या अॅक्सलवर ती आणखी बोजा टाकतात.

वजन जास्त झाले तर काही नुकसान होते का?

होते. बकेट रिकामी असताना चढावर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग लागत नाही. एकूण वजनाच्या किमान २० टक्के वजन पुढच्या अॅक्सलवर असावे, हा सर्वसाधारण नियम येथे उपयोगी पडतो. दुसरे नुकसान दिसायला वेळ लागतो. पुढे लोडर आणि मागे टांगलेले वजन यांच्यामध्ये ट्रॅक्टरचा सांगाडा दोन्ही टोकांनी खाली ओढला जातो, आणि त्याचा ताण इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या क्लच हाउसिंगच्या बोल्टांवर येतो. म्हणून लोडरची सबफ्रेम, म्हणजे तो ट्रॅक्टरला जोडणारी खालची चौकट, मागच्या अॅक्सलपर्यंत नेलेली असावी. नुसत्या पुढच्या भागाला बोल्ट मारून बसवलेला लोडर स्वस्त पडतो, पण मागे वजन वाढवून त्याची उणीव भरून निघत नाही, उलट ताण वाढतो. त्या बोल्टांच्या आसपास तेल झिरपताना दिसले तर काम थांबवून मेकॅनिकला दाखवावे.

मागे वजन लावले म्हणून बकेटमधला माल वाढवू नये. उदाहरणातला ट्रॅक्टर पुन्हा पाहा: २०० किलो टांगूनही पुढच्या अॅक्सलवर १०६३ किलो राहतातच. आपल्या पुढच्या अॅक्सलची आणि टायरची मर्यादा त्याहून कमी असेल तर एकच उपाय आहे, बकेट कमी भरणे.

टायरमधली हवा बदलावी लागते का?

पुढच्या टायरमध्ये लागते. लोडरच्या कामासाठी पुढचा दाब टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत, पण तिच्या पुढे नाही, असा ठेवावा. दोन्ही बाजूंना दाब सारखा असावा; एका बाजूचा टायर बसका असला की उंच बकेट त्याच बाजूला झुकते.

वजन कायम जोडून ठेवले तर चालेल का?

लोडर काढला की वजनही काढावे. फवारणी आणि आंतरमशागतीच्या वेळी अनावश्यक दोनशे किलो बागेत फिरवले, तर डिझेल वाया जाते आणि ओलसर जमीन मुळांपाशी दबते. काढण्यासाठी सपाट आणि टणक जागा निवडावी, कारण ओल्या मातीत ठोकळा रुततो किंवा कलतो आणि पुढच्या वेळी पिना जुळत नाहीत. आधी बकेट रिकामी करून जमिनीवर टेकवावी, मगच मागचे वजन खाली घ्यावे. भरलेली बकेट वर असताना मागची पिन काढली तर ट्रॅक्टर पुढे कोसळतो. हँडब्रेक लावावा, इंजिन बंद करावे, टॉप लिंक आधी सोडवावी आणि लोअर लिंक नंतर. ठोकळा आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये कोणी उभे असताना हायड्रोलिकचा लीव्हर हलवू नये.